कोणीतरी आत्ताच उठून गेलंय

पिंप्राळ्यातील आमच्या कॉलनीत माझ्याकडे येणारे पुष्कळ आहेत. कोणी मुहूर्त विचारावयास येतो, कोणी श्राद्धाची तिथी, कोणी नातवाच्या नावाचे आद्याक्षर. हेमराज मात्र गेली अकरा वर्षे येतो तो माझ्या पलंगामागील भिंतीवर डोके टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग पाहावयास.

"गुरुजी, जरा पुढे सरका," हे त्याचे नमस्कारानंतरचे पहिले वाक्य. मी जपमाळ सांभाळीत वीतभर पुढे सरकतो. तो खिशातून लहानसा टॉर्च काढतो, भर सकाळी पेटवतो, त्याचा प्रकाश भिंतीवर तिरपा पाडतो आणि श्वास रोखून पाहत राहतो. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या भाविकाच्या मुद्रेवर जो भाव असतो, तोच त्याच्या मुद्रेवर असतो. फरक इतकाच की भाविक काही मागतो आणि हेमराज मोजपट्टी काढतो.

"वाढला," तो म्हणतो. "डाव्या अंगाला बोटभर वाढला. मागच्या महिन्यात तुम्ही मान तिरकी ठेवून बसत होते का?"

मागच्या महिन्यात माझी मान आखडली होती. ही गोष्ट मी घरात कोणासही सांगितली नव्हती.

त्याचा व्यवसाय समजून घेण्यास मला दोन वर्षे लागली. जी इमारत अद्याप बांधलेलीच नाही, तिच्यातील खोल्यांची चित्रे तो संगणकावर तयार करतो. भिंती, खिडकी, सोफा, पडदे हे सारे तो एकेक करून रचतो, उजेड कोठून येणार हे ठरवतो, आणि मग संगणक कित्येक तास खपून त्याचे छायाचित्रासारखे दिसणारे चित्र सिद्ध करतो. बिल्डर ती चित्रे मोठी करून लावतात आणि लोक ती पाहून घर घ्यावयास येतात. या शेवटच्या क्रियेला त्याच्या धंद्यातील लोक रेंडर म्हणतात. हेमराज म्हणतो, "शिजायला टाकलंय."

चित्र शिजत असताना संगणक तापतो. जळगावचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्यावर आणखी तापणारी वस्तू घरात ठेवणे म्हणजे काय हे सांगावयास नको. हेमराजच्या घरी एकच कूलर आहे आणि त्याचे तोंड संगणकाकडे आहे. स्वतः हेमराज भर दुपारी बाहेर ओट्यावर बसून ओल्या पंचाने वारा घेतो. "आत का बसत नाहीस?" असे मी एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी आत गेलो तर त्याच्या वाटचा गारवा मी खाईन ना, गुरुजी." कॉलनीत कोणी पाण्याची मोटर लावली की विजेचा दाब उतरतो, म्हणून चित्र शिजत असता तो दारोदार जाऊन हात जोडतो. त्या दिवशी नळाला पाणी आलेले असेल तर त्याला काय ऐकावे लागते, ते मी येथे लिहीत नाही.

इतक्या कष्टाने शिजवलेले चित्र बहुधा त्याला पसंत पडत नाही. तो ते लॅपटॉपवर घेऊन माझ्याकडे येतो, पलंगाच्या कडेला बसतो आणि खिन्न स्वरात सांगतो, "घर खोटं पडतंय."

घर खोटे पडण्याची कारणे मी त्याच्याच मुखातून ऐकली आहेत. फरशीवर सर्वत्र एकच नक्षी, एकच ठिपका पुन्हापुन्हा उमटला की घर खोटे पडते. टेबलाची कड सुरीसारखी धारदार असली की घर खोटे पडते, कारण "जगात अशी कड नाही, गुरुजी, सगळ्या कडा थोड्या झिजलेल्या, थोड्या गोल." लाल सतरंजी घातली आणि जवळच्या भिंतीवर तिची किंचित लाली आली नाही, तरी घर खोटे. विजेच्या बोर्डावर पाच बटणे असतील, तर पंख्याचे बटण इतरांपेक्षा काळवंडलेले हवे. सोफ्याच्या गाद्या फुगलेल्या असतील तर मग त्यावर कोण बसले?

आणि या सर्वांचे सार म्हणून त्याचे एक सूत्र आहे. ते तो डोळे अर्धवट मिटून उच्चारतो. "खोलीत माणूस दिसायला नको. पण कोणीतरी आत्ताच उठून गेलंय, असं वाटायला हवं."

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. संगणकाचे मला काही कळत नाही. परंतु एकदा त्याने एका दिवाणखान्याचे चित्र दाखवले, त्यात कोपऱ्यात देवघर होते आणि समई तेवत होती. मी सहज म्हणालो, "पंखा फिरतो आहे, मग ज्योत निश्चल कशी? आणि रोज दिवा लागतो, तर वर भिंतीला काजळी कोठे आहे?" हेमराजने लॅपटॉप मिटला, उठला आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. त्या दिवसापासून त्याची सर्व देवघरे माझ्या नजरेखालून जातात. वाळके फूल कोणत्या बाजूस पडते, गंधाचा थेंब सहाणेवरून कोठवर ओघळतो, घंटेची मूठ कोठे उजळते, अशा प्रश्नांना मी यथामती उत्तरे देतो. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. ईश्वराने सृष्टी इतक्या बारकाव्याने रचली असेल, तर तिची नक्कल करणाऱ्यानेही निदान काजळी विसरू नये.

त्याच्या या उपासनेमुळे प्रसंग मात्र फार विचित्र ओढवतात. आमच्या मागील गल्लीत एक वृद्ध गृहस्थ वारले. मी सांत्वनास निघालो, तेव्हा हेमराजही सोबत आला. मृत व्यक्तीस त्याने जन्मात पाहिले नव्हते. खोलीत प्रवेश करताच त्याची दृष्टी नुकत्याच पॉलिश केलेल्या फरशीवर खिळली. तो बसला. मग वाकला. मग आणखी वाकला, आणि अखेरीस त्याने आपला गाल फरशीस टेकवून खिडकीच्या दिशेने पाहत निश्चल पडून राहणे पसंत केले. खोलीत हुंदका फुटला. एरंडोलहून आलेले त्या घरचे मेहुणे गहिवरून म्हणाले, "फार जीव होता ह्यांचा दादांवर." दोघांनी त्याला धरून उठवले, पाणी पाजले. परतताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "गुरुजी, सापडलं. वरून पाहिलं तर फरशी मळकी, खाली गेलं की आरसा. माझी फरशी सगळीकडून सारखीच चमकून राहिली होती. म्हणून खोटं पडत होतं." त्या घरच्या वर्षश्राद्धास आजही पहिले बोलावणे हेमराजला येते.

माझी सून वैशाली हिने या वर्षी नातीच्या साखरपुड्यासाठी घर रंगवावयाचे ठरवले. ही वार्ता कळताच हेमराज चपला न घालता धावत आला.

"ताई, बाकी सगळं रंगवा. ही एक भिंत सोडा."

"हेमराजभाऊ, पाहुणे येतील आणि आधी हाच डाग पाहतील."

"पाहू द्या ना! असा डाग जळगावात दुसरा नाही."

"मग तुमच्या घरी घेऊन जा," वैशाली म्हणाली.

यावर तो हसला नाही. "नेला असता, ताई," एवढेच म्हणाला आणि टॉर्च खिशात घालून निघून गेला. त्याच्या या उत्तराचा अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

त्याच सुमारास त्याला धुळ्याच्या एका बिल्डरचे काम मिळाले. आजवर प्रत्येक बिल्डरने त्याच्याकडून डाग पुसून घेतले होते, गाद्या फुगवून घेतल्या होत्या, फरशा चकाकत्या करून घेतल्या होत्या. हे शेठ मात्र घाईत होते. "तुम्हाला जे खरं वाटेल ते करा, फक्त वेळेत द्या," असे ते फोनवर म्हणाले. चित्र लोकांना आवडले तर संपूर्ण इमारतीचे काम हेमराजला मिळणार होते, अन्यथा पुण्याचा एक मुलगा तयारच होता. हेमराजला इमारतीचे फारसे अप्रूप नव्हते. "एकदा तरी खरं घर करायला मिळालं, गुरुजी," असे तो म्हणाला. "कोणीतरी पाहील आणि त्याला वाटेल की इथे माणूस राहतो. एकाला वाटलं तरी पुरे."

दीड महिना तो त्या एका खोलीवर खपला. माझा डाग त्याने त्यात जसाच्या तसा घेतला. माझा चष्मा दोन दिवस नेला. मी पाणी पिऊन ठेवलेला पेला त्याने मला उचलू दिला नाही आणि त्याच्या बुडाशी उमटलेले ओले वर्तुळ सुकेपर्यंत त्याच्या समोर बसून राहिला. "कोण बसलंय तिथे?" वैशालीने स्वयंपाकघरातून विचारले. "हेमराज," मी म्हणालो. "काय करताहेत?" "पाणी सुकण्याची वाट पाहतो आहे."

शेठच्या धुळ्यातील विक्री कार्यालयाच्या उद्घाटनास चित्रातील देवघराची दिशा योग्य आहे, असे जाणत्या माणसाने लोकांस सांगावे, अशी शेठची इच्छा होती. म्हणून हेमराजने मलाही सोबत नेले. चित्र भिंतीएवढे मोठे होते आणि जमिनीला टेकवून लावले होते. शेठनी ते त्या सकाळीच प्रथम नीट पाहिले.

"हे भिंतीवर काय आहे?"

"माणूस आहे, शेठ," हेमराज म्हणाला.

"डाग आहे तो!"

"तेच."

शेठ पुढे बोलणार, इतक्यात सोनगीरहून पहिले गिऱ्हाईक आले. शेतकरी जोडपे, दोघेही सत्तरीचे. नातीच्या कॉलेजसाठी धुळ्यात घर पाहत होते. आबा चित्रासमोर आले आणि त्यांनी चपला काढल्या. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. हेमराजने माझे मनगट घट्ट धरले.

"कोन ऱ्हास आठे?" आबांनी हळू आवाजात अहिराणीत विचारले.

"इथे कोणी राहत नाही, आबा. नवीन आहे, अजून बांधायचं आहे," शेठ म्हणाले.

"मंग हाऊ चष्मा कोना शे?" अक्का म्हणाल्या.

"चष्मा खोटा आहे, अक्का."

"आनि पानी? अर्धा गिलास पानी पिईसन म्हतारा उठना. इतलामा येईच."

शेठनी समजावले की हे चित्र संगणकावर केलेले आहे, प्रत्यक्षात त्या जागी अजून खड्डाच आहे, हवे तर गाडी काढतो, खड्डा दाखवतो. आबांनी मान हलवली. "खड्डा दखाडू नका, शेठ. आमले घर दिशात, तं त्या म्हताराले कोठे धाडशात?"

नंतर जे घडले ते मी पाहिले नसते तर त्यावर विश्वास ठेवला नसता. ते दोघे समोरच्या बाकावर बसले. घर घ्यायचेच तर आधी त्या म्हाताऱ्याला विचारावे, तो परत आला की बोलू, असा त्यांचा विचार होता. शेठनी चहा मागवला. चहा झाला. आबा चित्रातील दाराकडे पाहत राहिले. पाच मिनिटांनी अक्कांची दृष्टी माझ्या चष्म्यावर पडली. त्यांनी चित्राकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि उठून माझ्यापाशी आल्या.

"भाऊ, हाई तुमनं घर शे ना?"

शेठ माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होते. हेमराजने श्वास रोखला होता. मी असत्य बोलत नाही, आणि प्रश्न सरळ होता. घर माझे नव्हते. परंतु चष्मा माझा होता, पेला माझा होता, आणि...

"डाग माझा आहे," मी म्हणालो.

"दखा!" अक्का आबांना म्हणाल्या.

आबा उठले. त्यांनी मला हात जोडले. "बठा भाऊ, बठा. दुसरानं घर आमले नको," असे म्हणून त्यांनी चपला घातल्या, आणि जाताना शेठकडे ज्या दृष्टीने पाहिले ती मी विसरणार नाही.

शेठनी आवाज चढवला नाही. ते हेमराजला एवढेच म्हणाले, "उद्यापासून पुण्याचा मुलगा येईल. त्याच्या घरात कोणी राहत नाही." चित्र उतरवून, गुंडाळून त्याच्या हाती देण्यात आले.

एस.टी.त पारोळ्यापर्यंत हेमराज आनंदाने वेडा झाला होता. "चपला काढल्या, गुरुजी! पदर घेतला! वाट पाहत बसले!" काम माझ्या एका वाक्याने गेले, याबद्दल मी क्षमा मागू लागलो तर त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, "तुम्ही खरं बोलले म्हणून तर घर खरं ठरलं." पुढे मात्र जळगाव येईपर्यंत तो ती गुंडाळी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहत राहिला.

त्यानंतर आठ दिवस तो आला नाही. घरात रंगारी आले. सामान मधोमध आले. "भिंत पुसण्याआधी हेमराजभाऊंना एकदा पाहून घ्या म्हणावं," असे वैशालीनेच सुचवले. निरोप देण्यास मी स्वतः गेलो. अकरा वर्षे तोच माझ्याकडे येत असे, त्यामुळे त्याचा उंबरा मी कधी ओलांडलाच नव्हता, हे मला त्याच्या दारात उभे राहिल्यावर कळले, आणि मला लाज वाटली.

त्याने दार उघडले. मी आत गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

भिंती पांढऱ्या होत्या. चारही. त्यांवर खिळा नव्हता, दिनदर्शिका नव्हती, हाताचा ठसा नव्हता. फरशी कोरी होती. संगणकासमोर एक खुर्ची होती, दुसरी नव्हती. फडताळात एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे. धुळ्याचे चित्र कोपऱ्यात गुंडाळलेलेच उभे होते. विजेच्या बोर्डावर पाच बटणे होती आणि कूलरच्या बटणावर एकाच बोटाचा फिकट ठिपका होता. हेमराजने असे चित्र माझ्यापुढे आणले असते, तर मीच त्याला परत पाठवले असते.

त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. माझी दृष्टी कोठे कोठे फिरते आहे, हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळले असावे.

"खोटं पडतंय ना, गुरुजी?" तो म्हणाला.

मी खुर्चीत बसलो.

"वडील रेल्वेत होते. भुसावळला क्वार्टर, मग बदली, मग दुसरं क्वार्टर, मग पुन्हा भुसावळ. निघताना प्रत्येक वेळी चुना मारून द्यावा लागायचा. आई टेकून बसायची तिथे डाग धरायला लागला की बदली यायची." तो पांढऱ्या भिंतीकडे पाहत होता. "आई-वडील गेल्यावर हे घर घेतलं. इथून आता कोणी काढत नाही. पण डागाला टेकणारं लागतं. मी तर दिवसभर त्या खुर्चीत."

"ते चित्र तरी लाव भिंतीला," मी म्हणालो.

"नको. ते घर त्या म्हाताऱ्याचं आहे," हेमराज म्हणाला. हे तो पूर्ण गांभीर्याने म्हणाला.

मी निरोप दिला. भिंत उद्या रंगणार, शेवटचे पाहून घे. तो म्हणाला, "नको. पुसताना पाहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी स्नान झाल्यावर मी वैशालीकडे तेलाची वाटी मागितली. तिने बोट बुडवून देऊ केले. मी म्हणालो, "नेहमीपेक्षा जरा जास्त." तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातातील आसन आणि जपमाळही पाहिली, आणि संपूर्ण वाटी माझ्या टाळूवर रिकामी केली.

हेमराजने दार उघडले तेव्हा तेल माझ्या कानापर्यंत आले होते.

"आमच्याकडे रंगाचे काम चालू आहे," मी म्हणालो. "जपाला जागा हवी. आज, आणि रंग वाळला तरी पुढेही. तुझी अडचण नसेल तर."

त्याने बाजूला होऊन वाट दिली. मी पूर्वेच्या भिंतीशी आसन घातले, बसलो, आणि डोके मागे टेकवले. चुन्याचा गारवा मानेपर्यंत उतरला. अकरा वर्षांत प्रथमच हेमराज भिंतीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता. त्याचा हात सवयीने टॉर्चकडे गेला आणि खिशातच राहिला.

पहिली माळ पूर्ण झाली, तेव्हा मी उठू लागलो. वयोमानाने माझे गुडघे फार वेळ साथ देत नाहीत.

"बसा, गुरुजी," तो म्हणाला. "अजून थोडं टेका."

मी टेकलो.